फावला वेळ कोणाचा?

एखाद्या कामाला ‘फावल्या वेळातले’ म्हणणे ही वरवर पाहता निरुपद्रवी गोष्ट आहे. बागकाम, सतारवादन, पोस्टाची तिकिटे जमविणे यांविषयी आपण असे सहज बोलतो आणि त्यात कोणाचाही अवमान होत नाही. परंतु हेच विशेषण एकाने दुसऱ्याच्या कामाला लावले म्हणजे त्यातून काय काय निपजू शकते, याचा विचार मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी करावा लागला. आणि तो करावयास लावला लोकरीच्या, वीतभरही उंच नसलेल्या एका ड्रॅगनने.

माझी बदली राजमहेंद्रीस झाली, त्याचे ते दुसरे वर्ष होते. बदलीच्या नोकरीतला संसार वाचकांपैकी पुष्कळांच्या अंगवळणी पडलेला असेल. मुले शिक्षणासाठी दूर, शेजाऱ्यांची भाषा अर्धीमुर्धी कळणारी, आणि घरधनी कचेरीत गेल्यावर मागे उरलेली ती न सरणारी दुपार. माझ्या पत्नीने लग्नाच्या रुखवतात क्रोशाचे तोरण आणि टेबलावरचे रुमाल मांडले होते. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे ती सुई ट्रंकेच्या तळाशीच पडून राहिली. राजमहेंद्रीस ती बाहेर निघाली. या खेपेस मात्र रुमाल नव्हेत, तर जपानात ज्यांना ‘अमीगुरुमी’ म्हणतात तशा बाहुल्या ती करू लागली. ‘अमी’ म्हणजे विणणे आणि ‘नुईगुरुमी’ म्हणजे आत कापूस भरलेली बाहुली. या दोहोंतून तो शब्द झाला आहे.

या बाहुल्यांची घडण मी पुष्कळ संध्याकाळी समोर बसून पाहिली आहे. आरंभी एका लहानशा वर्तुळात सहा टाके. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. अशी दर फेरीस सहांची वाढ केली की सपाट चकती होते. वाढ थांबविली की कडा उभ्या राहतात, टाके घटवू लागले की तोंड मिटत येते, आणि ते पुरते मिटण्यापूर्वी आत कापूस भरावयाचा. क्रोशाच्या विणकामात साखळी असते, खांब असतात, आणि खांबांत सर्वांत ठेंगणा तो मुका खांब. या बाहुल्या जवळजवळ साऱ्या मुक्या खांबांच्या. कारण वीण घट्ट नसेल तर आतला कापूस डोकावतो. फेऱ्या जोडलेल्या नसतात, त्या शंखासारख्या फिरत वर चढतात. म्हणून फेरीचा आरंभ कळावा यासाठी दुसऱ्या रंगाचा एक दोरा खुणेस अडकवून ठेवतात. मोजणी चुकली की मान वाकडी होते. अशा वेळी मी काही विचारले तर पत्नीचे ओठ हलत, पण उत्तर येत नसे. ती टाके मोजत असे.

पहिला ड्रॅगन तिने केला तो खरे तर ड्रॅगन नव्हताच. आपल्याकडील किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो, त्याचा चेहरा तिच्या मनात असावा. पुढे पाठीवर काटे आले, पंख आले, आणि ज्वाळा म्हणून तोंडात नारिंगी लोकरीचे दोन पेड आले. जो प्राणी कोणी पाहिलेलाच नाही, त्याच्या बाबतीत एक मोठे सुख असते. तो चुकला असे कोणी म्हणू शकत नाही.

हा ड्रॅगन आमच्या दिवाणखान्यातील कपाटात बसला असता माझ्या वरिष्ठांच्या दृष्टीस पडला. त्यांच्या नातीचा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. त्यांनी कौतुक केले, मी सुखावलो, आणि सुखावलेला कनिष्ठ अधिकारी जे करतो तेच मी केले. “चोवीस मुले यायची आहेत ना? प्रत्येकाला एक देता येईल. ती फावल्या वेळात करतच असते,” असे मी बोलून गेलो. पत्नी त्या वेळी चहा आणण्यासाठी आत गेली होती.

एका ड्रॅगनला पाच तास लागतात. पंख निराळे, शेपटी निराळी, पाय निराळे. आणि विणण्याइतकाच वेळ हे सारे एकमेकांस शिवण्यात जातो. चोवीस गुणिले पाच म्हणजे १२० तास. वीस दिवसांत ते बसवावयाचे तर रोजचे सहा. हे गणित मी नंतर केले. त्या वीस दिवसांत मी फक्त एवढेच पाहिले की रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो आणि सकाळी ती मनगटाला तेल चोळते. एकविसाव्या दिवशी चोवीस ड्रॅगन खोक्यात भरून तयार होते. मला काहीतरी टोचत होते, म्हणून मी म्हणालो, “त्यांच्याकडून याचे पैसे मागू का?” ती म्हणाली, “पैसे कशाला? लहान मुलीचा वाढदिवस आहे.” मग थोड्या वेळाने, खोक्याला दोरी बांधता बांधता, “पैशाचं नाही हो. माझा महिना तुम्ही देऊन आलात, आणि तो मला न विचारता.”

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सरकारी नोकराला रजेचे नियम तोंडपाठ असतात. किरकोळ रजा, अर्जित रजा, शिल्लक रजेचे निवृत्तीच्या वेळी होणारे रोखीकरण, ही सारी आपली हक्काची मालमत्ता. ‘अर्जित’ हा शब्दच पाहा. काम करून मी जो मोकळेपणा मिळविला तो माझा, त्याची नोंद आहे, त्याला किंमत आहे, आणि माझ्या संमतीवाचून तो कोणाला देऊन टाकण्याची माझ्या वरिष्ठांची प्राज्ञा नाही. स्वयंपाक, धुणे, बाजार आणि पाहुणे आटोपल्यावर माझ्या पत्नीपाशी जो वेळ उरतो, तो मात्र कोणाच्याच खात्यावर लिहिलेला नसतो. म्हणूनच तो वाटेल त्याने उचलावा असा, गावच्या गायरानासारखा, आपल्याला वाटत असावा.

एका संध्याकाळी तिने जवळजवळ पुरे झालेले एक डोके मनास येईना म्हणून उसवले. क्रोशाचे काम उसवावयास एक टोक ओढले की पुरे. तासाभराची मेहनत मिनिटाच्या आत ओघळली आणि मांडीवर लोकर जशीच्या तशी जमा झाली. एक गुंजही कमी झाली नाही. मग गेले ते काय? आपल्या दर्शनकारांनी तंतू आणि पट यांचे उदाहरण घेऊन नेमका हाच वाद घातला आहे. सांख्य म्हणतो, पट तंतूंत आधीपासून होताच, तो केवळ व्यक्त झाला. नैयायिक म्हणतो, नव्हे, पट ही नवीन वस्तू निर्माण झाली. मला या प्रसंगी कोणाची बाजू घ्यावी हे ठरविता आले नाही, पण दुसरीच एक गोष्ट ध्यानात आली. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त पटाची कारणे सांगताना तंतू हे समवायी कारण, तंतूंचा संयोग हे असमवायी कारण, आणि निमित्तकारण म्हणून विणकराच्या हत्यारांची, तुरी आणि वेमा यांची नावे येतात. पुढे ‘आदि’ हा शब्द आहे. विणकर बसला आहे तो त्या ‘आदि’मध्ये! नैयायिकांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की घटाच्या उदाहरणात कुंभाराला नावानिशी जागा मिळते. पण मला त्या रात्री वाटले, की मीही वीस दिवस लोकर पाहिली, सुई पाहिली, आणि उरलेले सारे ‘आदि’मध्ये घातले.

पुढे कामानिमित्त नरसापूरला जाण्याचा योग आला. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली आपली गोदावरी जिथे समुद्राजवळ येऊन फाटे फुटून वाहते, त्यांपैकी एका फाट्याच्या काठचे हे गाव. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी येथील बायकांना क्रोशाची लेस करण्यास शिकविले. दुष्काळाने गांजलेल्या आयर्लंडात १८४७ च्या सुमारास बायकांच्या हाती पोटासाठी जी सुई आली, तिचीच ही भावंडे म्हणावयाची. एक सुई आणि एक रीळ एवढ्या भांडवलावर चालणारा धंदा गरिबाच्या घरी लवकर पोचतो. नरसापूरच्या आसपासच्या बायकांची लेस परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्यांच्यावर १९८२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात असे दिसते की घरकाम सांभाळून या बायका दिवसाचे सहा ते आठ तास लेस विणीत आणि त्यांची कमाई शेतमजूर स्त्रीच्या किमान वेतनाहूनही कितीतरी कमी पडे. याचे एक कारण असे की व्यापारी, घरचे पुरुष आणि पुष्कळदा त्या स्वतःही या कामाला काम म्हणतच नसत. घरी बसल्या बसल्या फावल्या वेळात केलेली गोष्ट म्हणत. सहा तास! मी वाचता वाचता थांबलो, कारण आकडा ओळखीचा होता.

त्या फेरीत एका ओसरीवर एक बाई विणताना दिसली. माझ्याबरोबरच्या कारकुनाने तिच्या नवऱ्यास तेलुगूत विचारले, या काय करतात? तो म्हणाला, काही नाही, घरीच असते. तिची सुई थांबली नाही. मी त्या माणसाला दोष कोणत्या तोंडाने देऊ?

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हातमोजे आणि स्वेटर विणणारी यंत्रे आहेत, पण खऱ्या क्रोशाचे यंत्र उद्योगधंद्यात आजही चालत नाही. स्वेटरच्या विणकामात टाक्यांची सबंध ओळ एकाच वेळी सुईवर असते. क्रोशात जिवंत टाका बहुधा एकच, आणि सुई आधीच्या विणीत कोठेही शिरते. काही प्रयोगशाळांतून यंत्रे करण्याचे यत्न चालले आहेत, तेवढेच. तेव्हा दुकानात दोनशे रुपयांस मिळणारा लोकरीचा ससा किंवा परी ही निःसंशय कोणाच्या तरी हातची असते. लोकर, दुकानाचे भाडे, दलाली वजा जाता तासाला काय पडले असेल याचा हिशेब कोणीही मनात करावा. तो केल्यावर वस्तू न घेता परत फिरणे हेही शहाणपणाचे नाही. त्यामुळे त्या बाईच्या पदरात आहे तेही जाईल. मी स्वतः घेतो, आणि घासाघीस करीत नाही. यापलीकडे काही करता येते असे मला अजून सुचलेले नाही.

मग माझ्या घरी पैसे देऊ केल्यावर पत्नी दुखावली का, आणि नरसापूरच्या बाईला तेच पैसे मिळत नाहीत हा अन्याय का? या दोन गोष्टी मला बरेच दिवस परस्परविरोधी वाटत होत्या. एकीकडे श्रमाला मोल हवे म्हणावे, दुसरीकडे मोल देऊ केले तर प्रेमाचा अपमान. परंतु नीट पाहिले तर तक्रार दोन्हीकडे एकच आहे. दान की मजुरी, हे ठरविण्याचा अधिकार जिच्या बोटांतून धागा गेला तिचा आहे. नरसापुरात तिने मजुरी म्हणून केलेल्या कामाला इतरांनी विरंगुळा ठरविले. माझ्या घरी तिने जे कदाचित आपण होऊन दिलेही असते, ते मी आधीच देऊन टाकले. दिलेल्या वस्तूचे दान होऊ शकते, काढून नेलेल्या वस्तूचे नाही; मग ती वस्तू लोकरीचा ड्रॅगन असो की एक दुपार.

कोणी म्हणेल, इतक्या क्षुल्लक वस्तूवरून एवढा खल कशाला? ड्रॅगन कशाच्याच उपयोगाचा नाही. पण मला वाटते तो निरुपयोगी आहे म्हणूनच ही गोष्ट माझ्या नजरेस पडली. चोवीस चपात्यांच्या बाबतीत मला असा प्रश्न कधी पडला नव्हता. त्या खाऊन संपतात आणि उपयोगाच्या आड श्रम दिसेनासा होतो. हा प्राणी मात्र कपाटात बसून राहतो आणि त्याच्याकडे पाहावेच लागते.

गेल्या महिन्यात पुन्हा एकदा विचारणा झाली. आता आमची बदली दुसऱ्या गावी झाली आहे, विचारणारेही दुसरे. त्यांना घराच्या वास्तुशांतीस दहा पऱ्या हव्या होत्या. “विचारून सांगतो,” मी म्हणालो. ते थोडे चकित झाले. घरी आलो तेव्हा पत्नी खिडकीशी बसली होती, हातात हिरवी लोकर होती, आणि ओठ हलत होते. खुणेचा लाल दोरा अजून चार बोटे दूर होता. मी जोडे काढले आणि फेरी पुरी होईपर्यंत बाजूला बसून राहिलो.