बघतो

आमच्या फ्लॅटमधला फ्रीज जवळजवळ चार महिने गळत होता. मला ते कळायलाही तेवढाच वेळ लागला.

पुण्यात हिंजवडीच्या बाजूला आम्ही तिघे भाड्याने राहतो. तिघेही सॉफ्टवेअरवाले. मावशी सकाळी आठला येतात, तेव्हा आम्ही एकतर झोपलेले असतो किंवा कानात हेडफोन घालून कॉलवर. जुलैत त्या मुलीच्या बाळंतपणासाठी दहा दिवस गावी गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी किचनमध्ये गेलो आणि मोजे ओले झाले. वाटलं, कुणीतरी बाटली सांडली असेल. पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी ते पाणी एक्स्टेन्शन बोर्डापासून वीतभर अंतरावर होतं, तेव्हा मात्र घाबरलो.

मावशी परत आल्यावर मी त्यांना मोठ्या काळजीने सांगितलं, "मावशी, जपून हां. फ्रीज गळायला लागलाय."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो दादा, आता कुठे? पाडव्यापासून गळतोय. तुम्हाला सांगितलं होतं की. तुम्ही 'बघतो' म्हणालात."

मला आठवतच नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण मी तसं म्हणालो असणार, यात मला शंका नाही. 'बघतो' हा आपल्या भाषेतला फार सोयीचा शब्द आहे. अर्थ बघण्याचा, आणि वापर मात्र बहुतेक वेळा न बघण्यासाठी.

त्या शनिवारी फ्रीज उघडून बसलो. आमचा फ्रीज फ्रॉस्ट-फ्री आहे. 'फ्रॉस्ट-फ्री' म्हणजे बर्फ होतच नाही, असा माझा समज होता. खरं तर फ्रीझरच्या मागच्या पॅनलआड थंड कॉइल असते, तिच्यावर हवेतल्या बाष्पाचा बर्फ साचतच असतो. पावसाळ्यात हवा दमट, त्यामुळे जास्तच. अधूनमधून एक हीटर आपोआप चालू होऊन तो बर्फ वितळवतो. ते पाणी खालच्या पन्हळीत पडतं, तिथल्या एका छोट्या भोकातून नळीत जातं आणि मागे, कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं. कॉम्प्रेसर गरम असतो, त्यामुळे ट्रेमधलं पाणी हळूहळू उडून जातं. म्हणजे धडधाकट फ्रीजसुद्धा रोज पाणी काढत असतो. फक्त त्याचं तो निस्तरतो.

आमच्या फ्रीजमध्ये ते भोक तुंबलं होतं. गाळ अडकला, त्यावर पाणी थांबलं, त्याचा बर्फ झाला. मग पाणी पन्हळीतून ओसंडून आत, भाजीच्या ट्रेखाली आणि तिथून फरशीवर. रात्रभर प्लग काढून ठेवला, सकाळी पॅनलचे स्क्रू काढले, मेडिकलमधून आणलेल्या बिनसुईच्या सिरिंजने कोमट पाणी सोडलं आणि एक मऊ प्लास्टिकची नळी हळूच आत सरकवली. काळसर चिकट गाळ निघाला आणि पाणी मागच्या ट्रेमध्ये टपटप पडू लागलं. रात्रीचं थांबणं सोडलं, तर काम पाऊण तासाचं.

पाऊण तास. त्याआधी चार महिने.

आमच्या कामात काही बिघडलं की मूळ कारण शोधायला 'पाच वेळा का विचारा' अशी पद्धत वापरतात. ती टोयोटाच्या कारखान्यांतून आली. फरशीवर पाणी का? पन्हळ ओसंडली. का? भोक तुंबलं. का? गाळ आणि बर्फ. इथे इंजिनिअर थांबतो, कारण दुरुस्ती सापडलेली असते. पण मी दुसऱ्या टोकाने विचारायला लागलो. चार महिने का लागले? मला पाणी दिसलं नाही. का? मी उठेपर्यंत फरशी कोरडी असायची. का? मावशी पुसायच्या. मी पुन्हा का विचारलं नाही? कारण विचारलं असतं तर ते काम माझं झालं असतं.

हे उत्तर मला आवडलं नाही. 'मला माहीत नव्हतं' हे आपल्याला नेहमी पुरेसं वाटतं. अॅरिस्टॉटलने मात्र याचा विचार करून ठेवलाय: आपलं अज्ञान आपल्याच हातून आलं असेल, तर त्या अज्ञानाचीही जबाबदारी आपलीच. त्याने उदाहरण दिलं दारुड्याचं. शुद्ध नव्हती हे खरं, पण न पिणं त्याच्या हातात होतं. माझ्या बाबतीत दारूच्या जागी हेडफोन.

रूममेट म्हणाला, "अरे, फरशी पुसायचेच तर आपण त्यांना पैसे देतो." मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण धूळ रोज येते, ती कुणालाच थांबवता येत नाही. ती पुसणं हे काम आहे. हे पाणी थांबवता येत होतं. फ्रीजखालचं पाणी उभ्याने मॉप फिरवून निघत नाही. खाली बसून फडकं आत घालायचं, बादलीत पिळायचं, पुन्हा घालायचं. मावशींचे गुडघे दुखतात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आम्ही प्रोग्रॅमर मंडळी मेमरी लीक सापडत नसला की रोज रात्री सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होईल अशी सोय करून ठेवतो आणि वर्षभर निवांत असतो. त्यात नैतिक असं फारसं काही नाही, कारण त्या स्क्रिप्टला गुडघे नसतात. घरात मात्र 'चालून जातंय' असं म्हणताना ते कुणाच्या जिवावर चालतंय, हे विचारावं लागतं. आमच्याकडे तुंबलेल्या नळीचं काम चार महिने एक बाई करत होती. ज्याला दुरुस्त करता येत होतं त्याला त्रास नव्हता आणि जिला त्रास होता तिने एकदा सांगून पाहिलं होतं. दुसऱ्यांदा का सांगितलं नाही, हे मी त्यांना विचारलं नाही. 'बघतो' या शब्दाचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळला होता.

सोमवारी मावशी आल्या तेव्हा मी मुद्दाम किचनमध्ये उभा होतो. कौतुक होईल अशी थोडी आशा होती, खोटं कशाला बोलू. त्यांनी वाकून फ्रीजखाली हात फिरवला. हात कोरडा.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता तेवढं बाथरूमच्या नळाचं बघा. भांडं ठेवते मी रोज त्याच्याखाली."

'बघतो' अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून."