पाप कीं चूक?



गेल्या उन्हाळ्यांत एके रात्रीं आमच्या मंडळींतील एक तरुण माझ्याकडे आला. त्याची आई विधवा आहे. शेळ्या पाळून व दुसऱ्यांच्या रानांत खुरपणी करून तिनें चार पैसे गांठीस बांधिले होते. ते पैसे ह्या मुलानें तिला न विचारतां शेअरबाजाराच्या वायद्यांत मोबाइलवरून घातले, आणि तीन महिन्यांत ते सर्व गेले. तो रडला नाहीं. त्यानें मला एवढेंच विचारिलें, “पाळकसाहेब, मीं पाप केलें कीं नुसती चूक केली?” मीं त्याजबरोबर प्रार्थना केली, परंतु उत्तर दिलें नाहीं, कारण तें मजजवळ नव्हतें. आतां खेड्याखेड्यांतून पुष्कळ तरुणांच्या हातांत तेंच साधन असल्यामुळें हा प्रश्न आपणां सर्वांपुढें ठेवणें मला उचित वाटतें.

प्रथम हें स्पष्ट असावें कीं, शेअर घेणें हें स्वतः पाप नव्हे. शेअर म्हणजे धंद्यांतील भाग. प्रवरेकांठीं लोणी येथें शेतकऱ्यांनीं आपापले भाग घालून सहकारी साखर कारखाना उभा केला. ज्यांनीं त्यांत पैसे घातले त्यांनीं कोणाचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं. ऊस पिकला, साखर झाली, अनेकांस काम मिळालें. आपल्या प्रभूच्या दाखल्यांतहि धन्याचा पैसा जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासास शाबासकी मिळाली नाहीं. तेव्हां पैसा कामास लावणें हा दोष नव्हे.

वायद्याची गोष्ट निराळी आहे. पेढीवाले व व्यापारी आपल्या मालाचें चढउतारापासून रक्षण व्हावें म्हणून असे करार करितात. त्यांस मी नांवें ठेवीत नाहीं. परंतु ज्याजवळ रक्षण करण्याजोगा मालच नाहीं, त्याच्या हातीं तो करार निव्वळ पैज होतो. तेथें एकास जें मिळतें तेंच दुसऱ्याचें जातें, आणि दलाली व कर दोघांसहि द्यावे लागतात. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी ह्या संस्थेनें २०२४ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. तींत असें आढळलें कीं, २०२१-२२ पासून २०२३-२४ पर्यंतच्या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा आला, आणि त्यांचा एकंदर तोटा १ लाख ८० हजार कोटि रुपयांहून अधिक होता. ह्या आंकड्यांत आमच्या विधवा बहिणीच्या शेळ्याहि आहेत.

हें दुःख नवें नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळें इंग्लंडांतील गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाचा भाव भडकला. शहरांत पैशाचा पूर आला व नित्य नव्या कंपन्या निघूं लागल्या. समुद्र हटवून जमीन करूं म्हणणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांपर्यंत चढला. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि १ जुलै रोजीं वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला, तेव्हां मोठमोठ्या पेढ्यांस दिवाळें काढावें लागलें. पुढें बाँबे बँकहि बुडाली.

परंतु ह्या तेजीचें फळ केवळ पैज लावणारांनींच भोगिलें काय? नाहीं. तेजीच्या दिवसांत सावकारांनीं दख्खनच्या कुणब्यांस सढळ हातानें कर्ज दिलें होतें. भाव उतरतांच त्यांनीं हात आखडिला व जुन्या बाकीचा तगादा लाविला. त्यांतच शेतसाराहि वाढला. शेवटीं १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणबी उठले. त्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळिले, आणि तें लोण नगर जिल्ह्यांत पसरलें. ह्या बिचाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं शेअरचा कागद डोळ्यांनीं देखील पाहिला नसेल. मुंबईच्या मेजावर जें उधळलें गेलें, त्याची झळ सुप्याच्या चुलीपर्यंत पोहोंचली. मनुष्य एकटाच जिंकत नाहीं व एकटाच हरत नाहीं.

म्हणून मी एक कसोटी सुचवितों. ज्या लाभाची तुला इच्छा आहे, त्याकरितां उपासनेंत उभें राहून सर्वांदेखत प्रार्थना करितां येईल काय? शेतकरी पाऊस मागतो, आणि तो पाऊस शेजाऱ्याच्या रानांतहि पडतो. मंडळी त्यास आनंदानें आमेन म्हणते. पण पैज लावणारानें काय मागावें? दुसऱ्याचें जावें म्हणजे आपणास मिळेल, हेंच कीं नाहीं? अशी प्रार्थना ओठांवर येत नाहीं. आणि जी इच्छा देवापुढें बोलतां येत नाहीं, ती मनांत जपून ठेवणें निर्दोष कसें असेल?

येथें शेतकऱ्यानेंहि फुगूं नये. दुसऱ्यांचा कांदा सडावा म्हणजे आपल्या कांद्यास भाव येईल, असें कोणाच्या मनांत कधीं आलें नाहीं? माझ्या वडिलांच्या खळ्यावर बसून माझ्या मनांत तें आलें आहे. तेव्हां दोष बाजाराच्या भिंतींआड कोंडलेला नाहीं. तो अंतःकरणांत राहतो. भेद एवढाच कीं, शेतांत ही वासना तणासारखी उगवते व उपटितां येते. वायद्याच्या पैजेंत तीच पेरावी लागते.

कोणी म्हणतील, तर मग आपलें आपण पिकवावें, आपलें आपण खावें, कोणाशीं देणेंघेणें नको. परंतु हेंहि ख्रिस्ती स्वावलंबन नव्हे. दाखल्यांतील धनवान मूर्ख पुरता स्वावलंबी होता. त्याचीं कोठारें भरलेलीं होतीं, आणि त्याच्या सर्व भाषणांत स्वतःवांचून दुसरें कोणी नव्हतें. प्रेषित पौल तंबू शिवीत असे, तो कोणावर भार पडूं नये म्हणून. आणि इफिसच्या मंडळीस त्यानें हातांनीं काम करावयास सांगितलें, तें गरजवंतास देण्यास जवळ कांहीं असावें म्हणून. ज्या १८६४ सालीं मुंबईंत तेजी शिगेस पोहोंचली होती, त्याच सालीं जर्मनींतील हेडेसडॉर्फ येथें रायफायझेन नांवाच्या एका भाविक प्रॉटेस्टंट नगराध्यक्षानें शेतकऱ्यांची पतपेढी स्थापिली. तींत शेजारी शेजाऱ्याच्या कर्जास जामीन राहत असे. एकाचें बुडालें तर सर्वांचें बुडेल, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या भल्याची काळजी वाही. आपल्या देशांत १९०४ च्या कायद्यानें ज्या ग्रामीण पतपेढ्या निघाल्या, त्या ह्याच धर्तीवर होत्या. आज आमच्या भगिनी बचत गटांत महिन्याचे थोडे रुपये टाकितात, तेंहि त्याच झाडाचें फळ आहे. तेथें शेजारणीचें भलें व्हावें अशी प्रार्थना करण्यास कोणीहि लाजत नाहीं.

आतां त्या तरुणास माझें उत्तर. मुला, वायद्याचें गणित तुला कळलें नाहीं, ही चूक. आईस न विचारतां तिचे कष्ट पणास लाविलेस, हें पाप. आणि तूं जिंकला असतास तरीहि तें पापच राहिलें असतें. तूं आईचे पाय धरिलेस, तिनें क्षमा केली, आणि आतां मजुरी करून दर आठवड्यास तूं तिच्या हातावर पैसे ठेवितोस. पश्चात्तापाचा मार्ग हाच आहे.

परंतु उपदेशक बंधूंनो, मला माझेंहि कांहीं कबूल करावयाचें आहे. तो जिंकला असता, तर हंगामाच्या उपकारस्तुतीच्या उपासनेस त्यानें मोठें अर्पण आणिलें असतें. मीं तें हर्षानें स्वीकारिलें असतें, मंडळीपुढें त्याची स्तुति केली असती, आणि हा पैसा कोठून आला असें विचारिलें नसतें. इतर तरुणांनीं तें पाहून काय शिकावें? दारूविषयीं आपण व्यासपीठावरून बोलतों. पैशाविषयीं मात्र दानाची पेटी फिरवितांना तेवढें बोलतों. कोणाचें घर बुडण्याच्या आधीं हा विषय काढणें हें आपलें काम आहे. तें मीं केलें नाहीं. आणि माझ्या बाबतींत ती नुसती चूक होती, असें मला म्हणवत नाहीं.