भाडं ठरवणारा नियम

मुंबईतल्या रे रोड स्थानकाबाहेरच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ला २८वरून ३१ रुपये झालं. दर सरकारी प्राधिकरणाने ठरवलेला, मीटर तपासून सील केलेला. शंका आली तर प्रवाशाला आणि चालकाला हिशेब ताडून पाहता येतो. तिथूनच ॲपवर गाडी बोलावली की भाडं अल्गोरिदम ठरवतो आणि त्यात काय काय धरलं जातं हे दोघांनाही कळत नाही. जानेवारी २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटीस देऊन विचारलं, की फोन आयफोन आहे की अँड्रॉइड यावरून भाडं बदलतं का. दोन्ही कंपन्यांनी इन्कार केला. तो खराही असेल; पण पडताळणीची सोयच नसेल तर प्रामाणिक कंपनीलाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येणार नाही. म्हणून अल्गोरिदम नियामकापुढे उघडलाच पाहिजे.

हा खासगी करार आहे, पटत नसेल तर ॲप वापरू नका, हा युक्तिवाद महाराष्ट्राला जुना आहे. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. रोख्यावर निशाणी कुळाची होती, हिशेबाची वही मात्र सावकाराच्या पेटीत. या उठावानंतर आलेल्या १८७९च्या कायद्याने न्यायालयाला रोख्यामागे जाऊन कर्जाचा सगळा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. सावकारी त्याने संपली नाही, जमिनीही जात राहिल्या. पण ज्याला अटी कळूच शकत नाहीत त्याच्या संमतीला पुरी संमती मानायचं नाही, हा विचार कायद्यात आला. ॲपच्या चालकाची संमती आज त्याच जातीची आहे.

व्यापारी गुपिताची सबब फार टिकत नाही. मुंबईच्या शेअर बाजारात दलालांना अल्गोरिदम वापरण्याआधी बाजाराची मान्यता लागते आणि तरीही स्पर्धा चालूच आहे. स्वतः शिकणाऱ्या प्रणालीचा कोड वाचून फारसं कळत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१५मध्ये उघड झालेली फोक्सवॅगनची लबाडी पकडायलाही गाड्यांचा धूर प्रत्यक्ष रस्त्यावर मोजावा लागला होता. तेव्हा कोडसोबत प्रणालीचं उद्दिष्ट, तिला पुरवलेली माहिती आणि तिच्या निर्णयांची नोंदही मागावी, अचानक चाचण्याही घ्याव्यात. उरते ती सरकारचीच भीती, आणि ती रास्त आहे. नियामक मंत्रालयापासून स्वतंत्र हवा, प्रवाशांच्या फिरण्याच्या नोंदी त्याच्याकडून पोलिसांकडे जाता कामा नयेत, त्याचे निष्कर्ष जाहीर व्हावेत, आणि ॲपवरचा आयडी ब्लॉक झालेल्या चालकाला त्याचं कारण मराठीत, लेखी मिळावं.