लिपी एक, कान दोन

इंदूरच्या स्नेहलतागंजात एखाद्या मराठी घरात वाढणारे मूल शाळेच्या हिंदी पुस्तकात ‘शक्ति’, ‘कवि’, ‘वस्तु’ वाचते आणि घरी आलेल्या मराठी मासिकात ‘शक्ती’, ‘कवी’, ‘वस्तू’. ‘ज्ञान’ शाळेत ‘ग्यान’ असते, आजीच्या तोंडी ‘द्न्यान’. कृष्णातला ‘कृ’ शाळेत ‘क्रि’ होतो, घरी ‘क्रु’. ‘पैसा’ हा शब्द दोन्ही भाषा एकाच अक्षरांनी लिहितात. पण हिंदीच्या ‘पै’त एकच पसरट स्वर आहे, तर मराठीच्या ‘पै’त ‘अ’ आणि ‘इ’ दोन्ही ऐकू येतात. मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा असलेले लोक २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर होते, म्हणजे ही काही चार घरांची गंमत नव्हे. वाचनाच्या अभ्यासकांनी हिंदी आणि उर्दूची जोडी तपासली आहे: बोली जवळजवळ एकच, लिप्या दोन. दोन्ही लिप्या जाणणारे वाचकही हिंदी शब्द उर्दू शब्दांपेक्षा लवकर उच्चारतात, असे २०११ साली चैत्रा राव, ज्योत्स्ना वैद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. इंदुरात याच्या नेमके उलटे घडते. इथे लिपी तीच राहते आणि भाषा बदलते. म्हणून मराठी माणसाचा एक लाडका समज तपासायला हे शहर फार सोयीचे आहे. मराठी जशी बोलतात तशी लिहितात, सबब ती वाचायला सोपी, असा तो समज. तो खोटा नाही, अर्धा आहे. अक्षर आणि ध्वनी यांचा मेळ एकट्या लिपीत नसतोच. तो अक्षर, भाषा आणि मुलाचा कान या तिघांत मिळून असतो, आणि तिघांपैकी कान कच्चा असेल तर उरलेल्या दोघांची पुण्याई फार पुरत नाही.

आधी या समजाची खरी बाजू पाहू. फिलिप सेमूर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली तेरा युरोपीय भाषांतल्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. शाळेचे पहिले वर्ष संपत आले तेव्हा फिनिश, ग्रीक आणि जर्मन मुले ओळखीचे साधे शब्द शंभरांतले जवळजवळ ९८ बरोबर वाचत होती, इटालियन आणि स्पॅनिश ९५. फ्रेंच मुले ७९, डॅनिश ७१. इंग्रजी वाचणारी स्कॉटलंडची मुले मात्र ३४, आणि दुसऱ्या वर्षाअखेरही ७६. यावर हमखास येणारा आक्षेप असा की स्कॉटलंडची मुले पाचव्या वर्षी शाळेत जातात, फिनलंडची सातव्या वर्षी. शाळा वेगळ्या, पालक वेगळे, मग सगळा दोष स्पेलिंगवर का? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर वेल्समध्ये मिळते. तिथे एकाच भागात, एकाच वयाची काही मुले वेल्श भाषेतून वाचायला शिकतात आणि काही इंग्रजीतून. वेल्श लेखन ध्वनीला बरेच धरून चालते. निक एलिस आणि मारी हूपर यांनी २००१ साली दाखवले की वेल्श वाचणारी मुले आपल्या भाषेतले अधिक शब्द अचूक वाचतात. पण तिथलाच पुढचा अभ्यास जास्त बोलका आहे. मुले दहा वर्षांची झाली तेव्हा इंग्रजी वाचणारी बहुतेक मुले बरोबरीला आली होती. मागे राहिला तो तळाचा चतुर्थांश. म्हणजे विसंगत लेखनाची किंमत सगळी मुले सारखी मोजत नाहीत; हुशार मूल वर्ष-दोन वर्षे घालवून सुटते, अडखळणारे मूल अडकून बसते.

मग देवनागरीच्या मुलुखात सगळी मुले फिनिश मुलांसारखी वाचायला हवी होती. तशी ती वाचत नाहीत. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम ४३ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. यात सगळ्या भारतीय भाषा आल्या, पण त्यांतल्या बहुतेकींच्या लिप्या ध्वनीशी बऱ्यापैकी इमान राखणाऱ्या आहेत. याचे एक कारण लिपीतच आहे. फिनिश मुलाला तिसाच्या आसपास अक्षरे शिकायची असतात. आपल्या मुलाला तिसांहून जास्त व्यंजने, त्या प्रत्येकाची बाराखडी आणि वर जोडाक्षरे. चारशेच्या पुढे आकृत्या सहज जातात. नियम साधे, पण पसारा मोठा. कन्नड मुलांचा अभ्यास करून सोनाली नाग यांनी २००७ मध्ये दाखवले की अक्षरांवरचा हात बसायला चौथी-पाचवी उजाडते. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षे मागोवा घेतला. तिथेही तिसरी संपताना पुष्कळ मुलांची लिपी पक्की झालेली नव्हती, आणि वर्गातला बराच वेळ फळ्यावरचे उतरवून काढण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जात होता. लिपी सुसंगत आहे एवढ्यावर विसंबून शिकवणे सैल सोडले की असे होते. अक्षरे आली म्हणजे वाचन आले, हा गैरसमज सोप्या लिपीच्या भाषांतच जास्त फोफावतो, कारण मूल धडाधडा उच्चारत असते आणि समजते आहे की नाही, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही.

आता समजाची खोटी बाजू. मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ ही अक्षरे प्रत्येकी दोन ध्वनी वाहतात. ‘आजोबांचा चमचा’ म्हणताना तिन्ही ‘च’ दातांमागून येतात. ‘आजोबांचे चमचे’ म्हटले की दोन ‘चे’ टाळूकडे सरकतात, मधला ‘च’ होता तिथेच राहतो. ‘हे जग मोठे आहे’ आणि ‘तू सुखाने जग’ यांतला ‘जग’ लिहायला एक, बोलायला दोन. चार आण्यांतला ‘चा’ वेगळा, चाऱ्यातला वेगळा. नियम नाहीतच असे नाही: पुढे ‘इ’ किंवा ‘ए’ आला की ध्वनी तालव्य होतो, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्दही तालव्यच. पण सात वर्षांच्या मुलाला तत्सम-तद्भव कोण विचारणार? अनुस्वाराचे तर अनेक अवतार आहेत. ‘आंबा’त तो ‘म्’ होतो, ‘संवाद’ आणि ‘सिंह’ यांत नाकातला ‘व’, आणि ‘केलं’, ‘घरं’ यांत तो अनुनासिक राहतच नाही, नुसता ‘अ’ लांबवतो. हिंदीत तयार झालेले मूल ‘केलं’वरचा टिंब नाकात ओढते, ते त्याच्या परीने बरोबरच असते. शिवाय ‘ळ’ आणि ‘दऱ्या’मधला आडवा रफार त्याच्या शाळेच्या वर्णमालेत नसतात. पण ते तितके जड जात नाहीत. नवे चिन्ह मुलाला दिसते, म्हणून ते विचारते. ओळखीच्या चिन्हाने वेगळा आवाज केला की त्याला कळतही नाही.

पुण्यातल्या मुलालाही ‘च’ एकच शिकवतात. तरी ते अडत नाही, कारण त्याचा कान वाचनाच्या मागे उभा असतो. ‘चांदणे’ त्याने हिंदी ‘चाँद’च्या ‘चा’ने सुरू केले तरी असा शब्द ऐकलेला नाही हे त्याला क्षणात जाणवते आणि तोंड आपोआप ताळ्यावर येते. लेखनातली विसंगती जितकी जास्त, तितकी कानाने भरायची उधारी जास्त. ज्याच्या कानाच्या खात्यात शब्द जमा आहेत, त्याची उधारी फिटते. स्नेहलतागंजातल्या मुलाच्या खात्यात घरातली स्वयंपाकाची, नात्यागोत्याची, सणावाराची मराठी असते. पुस्तकातली मराठी नसते. ‘भाकरी’, ‘आत्या’, ‘गुढी’ ते बिनचूक म्हणेल. ‘जिज्ञासा’, ‘चळवळ’, ‘झुंज’ यांवर हिंदीचा कान पुढे होईल. आणि ‘शिक्षा’सारख्या शब्दावर तर उच्चार अगदी बरोबर करूनही फसेल, कारण शाळेत ती शिकवणूक आहे आणि मराठीत दंड. अक्षर-ध्वनीचा मेळ इथे शंभर टक्के आहे आणि वाचन शून्य.

ऱ्हस्व-दीर्घाचा वाद मात्र मी या हिशेबातून बाहेर ठेवीन. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांवर आपण साठ वर्षे भांडत आहोत. ते भांडण लिहिणाऱ्याचे आहे, वाचणाऱ्याचे नाही. अक्षरावरून ध्वनी ओळखणे आणि ध्वनीवरून अक्षर निवडणे या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि मराठी पहिल्या वाटेवर सरळ, दुसऱ्या वाटेवर वाकडी आहे. ‘गरीब’ दीर्घ आणि ‘गरिबाला’ ऱ्हस्व हे मुलाने लक्षात ठेवावे लागते ते लिहिताना; वाचताना दोन्ही सारखेच उलगडतात. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नव्हता, तरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारकुनांनी दफ्तरे वाचली आणि त्यांवर वतने ठरली.

यावर कोणी म्हणेल, मग लिपीच दुरुस्त करा. दातांमागच्या ‘च’खाली टिंब द्या, ‘ज्ञ’ काढून टाका. लिपिसुधारणेचा प्रयोग इंदूरला नवा नाही. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथेच भरले आणि नागरी लिपिसुधारणेसाठी तिथे नेमलेल्या समितीचे काम साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांकडे आले. त्याच वर्षी मराठी साहित्य संमेलनही इंदुरातच झाले, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी अध्यक्ष होते. एकाच शहरात, एकाच वर्षी दोन भाषा आपापला संसार मांडून बसल्या होत्या आणि दोघींची लिपी एक होती. कालेलकरांच्या समितीने स्वरांसाठी ‘अ’चीच बाराखडी सुचवली: ‘अि’, ‘अी’, ‘अु’. पुढे १९५३ मध्ये लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यायचे ठरवले, तेही काही वर्षांत मागे घेतले गेले. वेलांटीची कल्पना तशी वेडगळ नव्हती. आधी लिहिलेली आणि नंतर उच्चारायची ‘ि’ हिंदी वाचकाला किंचित थांबवते, असे ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांच्या २००२ च्या अभ्यासात दिसले. पण हे सगळे प्रयत्न अक्षरांच्या आकारापाशी घुटमळले. मुद्रकाची सोय त्यांत होती, मुलाची अडचण फारशी नव्हती. आणि ‘च’खाली टिंब दिलाच तर पुण्याच्या मुलाला त्याची गरज नाही, इंदूरच्या मुलाला टिंबावरून शब्द कळणार नाही. शिवाय दोन भाषांत आज जी लिपी सामाईक आहे तिच्यातला सामाईकपणा तेवढाच घटेल. इंदूरच्या मराठी मुलाजवळचे सर्वांत मोठे भांडवल तेच आहे: हिंदी वाचता आली की मराठी पानाचा नव्वद टक्के भाग फुकटात उलगडतो, असे म्हटले तरी अतिशयोक्ती फार होणार नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो आजच्या पालकांचा आहे. इंग्रजी इतकी विसंगत असूनही जगभर मुले ती वाचतात, चिनी मुले तर हजारो चिन्हे शिकतात. मग आमच्या मुलाने पहिल्या दिवसापासून इंग्रजीत वाचले तर बिघडले कुठे? ‘टफ’, ‘कॉफ’, ‘थ्रू’ आणि ‘दो’ या चार इंग्रजी शब्दांत ‘ओ-यू-जी-एच’ ही चारच अक्षरे चार तऱ्हांनी उच्चारतात, आणि लंडनचे मूल ती उधारी फेडते कारण चारही शब्द त्याने शाळेत येण्याआधी हजारदा ऐकलेले असतात. चिनी मूलही आपल्याच भाषेची चिन्हे शिकते. इंदूर असो वा इचलकरंजी, आपण मात्र सर्वांत विसंगत लेखन सर्वांत रिकाम्या कानाच्या मुलापुढे सर्वांत आधी ठेवतो. वेल्समध्ये तळाच्या चतुर्थांशाचे जे झाले ते इथे कितीपट होत असेल, याचा विचार फी भरताना कोणी करत नाही. घरच्या भाषेत शिकवण्याची शिफारस २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, केली आहे. ती भावनेची शिफारस समजून सोडून दिली जाते. वस्तुतः ती कानाच्या हिशेबाची आहे.

इंदूरसारख्या शहरांत मराठी टिकावी म्हणून वर्ग चालवणाऱ्यांनी या हिशेबावरून आपला अभ्यासक्रम एकदा तपासावा. हिंदी वाचणाऱ्या मुलाला पुन्हा ‘अ’ अननसापासून बसवणे म्हणजे त्याच्या वेळेची उधळपट्टी आहे आणि त्याचा अपमानही. दोन ‘च’, दोन ‘ज’, ‘झ’, ‘ज्ञ’, ‘ऐ’-‘औ’, ‘ऋ’, अनुस्वार, ‘ळ’ आणि आडवा रफार एवढे नीट, उच्चारून, शेजारी हिंदी ठेवून दाखवायला पाच-सहा बैठका पुरतात. उरलेले सगळे वर्ष मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्यात जावे: गोष्टी, प्रवासवर्णने, बातम्या, जे घरात बोलले जात नाही ते सगळे. मुलाने अजून न वाचलेला शब्द आधी त्याच्या कानावर पडला पाहिजे. आणि हे काम वर्गावर ढकलू नये; या दिवाळीत घरात जो अंक येईल त्यातला एक लेख मुलाला जवळ बसवून मोठ्याने वाचावा, आणि मध्ये थांबून त्याला काय कळले ते विचारावे.