डोळ्याआधी पाय

माळावर डोळा आधी पोचतो, पाय मागून येतात. डोंगरउतारावरच्या गावात पाय पुढं जातात आणि डोळ्याला त्यांच्या मागून जावं लागतं. केमच्या माणसाला रत्नागिरी पहिल्यांदा पायी फिरताना सगळ्यांत आधी हेच जाणवतं.

केम करमाळा तालुक्यातलं, कुंकवाचं गाव. १८६० पर्यंत रूळ सोलापूरला पोचले ते आमच्याच शिवारातून. शिवारात उभं राहिलं की गाडी आधी दिसते, मग ऐकू येते, मग येते. कुणी वाट विचारली तर आम्ही हात लांब करतो : ती काय टाकी दिसतीया, तिच्या अंगानं जावा. बोट आणि ठिकाण यांच्यामध्ये आडवं काही येत नाही. दिसलं म्हणजे अर्धं गाठलं, ही आमची खात्री.

रत्नागिरीत असं बोट दाखवून भागत नाही. मारुती मंदिरापाशी मांडवीची वाट विचारली की उत्तर येतं, खाली उतरा, जयस्तंभाला विचारा. जयस्तंभाला विचारलं की, राम आळीतून जा, पुढं कुणीही सांगेल. इथला माणूस वाट तुकड्यातुकड्यानं सांगतो, कारण एका जागेवरून ती त्यालाही सगळी दिसत नाही. समोरचं दिसत नसलं की माणसाला माणूस लागतो. परक्या गावात इतक्या अनोळखी लोकांशी बोलायची गरज मला सपाटीवर कधी पडली नव्हती.

उतरताना पाखाड्या लागतात. पाखाडी म्हणजे दोन दगडी गडग्यांमधली जांभ्याच्या पायऱ्यांची अरुंद वाट. तिथला चिरा बसून बघावा. अंगभर छिद्रं, कडेला तासल्याचे तिरपे वण, मधोमध पावलांनी पाडलेला खोलगट भाग. सावलीकडं शेवाळ, उन्हाकडं भुकटी. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, हवा लागेल तसा टणक होत जातो. आमच्याकडचा काळा पाषाण मुळातच कठीण. जांभ्याला कठीण व्हायला उघड्यावर राहावं लागतं. त्याची तांबडी धूळ घोट्यापर्यंत चढते आणि पाय कुंकवाच्या कारखान्यातून सुटलेल्या माणसाच्या पायांसारखे दिसू लागतात.

उतरताना पाय शहर बघतात, चढताना छाती बघते. पायरी बांधणाऱ्यानं डोक्यावर ओझं असलेल्या बाईचा विचार केला होता की नाही, हे गुडघ्याला पहिल्या दहा पायऱ्यांत कळतं. मिरकरवाड्याकडून मासळीची पाटी घेऊन वर येणारी बाई वाटेत थांबत नाही. एकदा थांबलं की ओझं दुप्पट होतं, हे ओझं वाहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

समुद्र वळणावळणावर दिसतो, पण तो प्यायचा नाही. पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर. त्याचा पाचवा हिस्सा पडला तरी आम्ही साल बरं गेलं म्हणतो. कोकणाला पाण्याची काय ददात, असं आमच्या पारावर बोललं जातं. बोलणाऱ्यानं मे महिन्यात एकदा इथल्या सड्यावरून, जांभ्याच्या उघड्या पठारावरून, चालावं. आभाळातून आलेलं बरंचसं पाणी उतारावरून धावून आणि सच्छिद्र जांभ्यातून झिरपून समुद्राला मिळतं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या टँकरकडं डोळे लावून बसतात. टँकर आम्हाला दुष्काळानं दाखवला, त्यांना धो धो पावसानंतरच्या कोरड्या विहिरींनी. पडणं वेगळं, मुरून राहणं वेगळं. यात माझा मुलूख आणि त्यांचा मुलूख एकमेकांना जितके जवळ आहेत, तितके मधल्या घाटानं दिसू दिले नाहीत.

थिबा राजवाडा उंचावर आहे. खाली भाट्याची खाडी, पुढं समुद्र. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि पुढच्या वर्षी थिबा या ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा तयार झाला १९१० मध्ये. १९१६ च्या डिसेंबरात राजा इथंच वारला, त्याचं थडगंही इथंच आहे. लोक म्हणतात, राजा इथून समुद्राकडं बघत आपला देश आठवत असे. पण हा समुद्र मावळतीचा. त्याचा देश उगवतीला, सह्याद्रीच्या पलीकडं, त्याच्या पाठीमागं होता. त्या दिशेला निघालं तर घाट चढल्यावर आधी आमचाच माळ लागतो. त्या उंचीवरून डोळ्याला क्षितिजापर्यंत मुभा होती आणि पायाला जिल्ह्याबाहेर नव्हती. कैद्याला उंच जागा देण्यात काहींना दया दिसते. मला ती शिक्षेतली वाढ वाटते.

आणि खाली गावात पतितपावन मंदिर. २२ फेब्रुवारी १९३१ ला ते सर्वांसाठी खुलं झालं. पैसा भागोजीशेठ कीरांचा, गरिबीतून वर आलेल्या माणसाचा. चळवळ सावरकरांची, तेही १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध. त्याआधी इथल्या अस्पृश्यांना गावातली देवळं दिसत नव्हती असं नाही. शिखर दिसत होतं, घंटा ऐकू येत होती. राहिल्या होत्या त्या चार पायऱ्या. घाटाची चढण दम खात चढता येते. या पायऱ्यांपुढं छातीत कितीही दम असून उपयोग नव्हता. उतारांच्या या शहरात त्याहून उभी चढण मला कुठं दिसली नाही.

हे केवळ त्या गावाचं म्हणून मी लिहीत नाही. आमचा सोलापूर जिल्हा सपाट, चंद्रभागेचं वाळवंट तर त्याहून सपाट. वारकरी तिथं एकमेकांच्या पाया पडतात. तरीही विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. स्वातंत्र्याला तीन महिने राहिले होते. शेकडो वर्षं लोक कोसाकोसावरून चालत आले आणि शेवटची पायरी काहींना चढू दिली नाही. सपाटीवरच्या माणसानं उताराच्या गावाला अवघड म्हणताना हे विसरू नये.

आता केमहून रत्नागिरीला निघालेल्या पोरांना मी एवढंच सांगतो. गाडी वर मारुती मंदिरापाशी सोडा, मांडवीपर्यंत पायी उतरा. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मिरकरवाड्यात बोटी लागतात तेव्हा तिथं असा, मग रत्नदुर्ग चढा. तीन बाजूंना समुद्र असलेला किल्ला आहे, भगवतीचं देऊळ आहे. परत येताना रिक्षा करू नका. पाखाडीनं या, आणि पाटी घेऊन कुणी मागून येत असेल तर गडग्याला अंग लावून तिला पुढं जाऊ द्या.