पलंगाखालची

एप्रिलमधली सोलापुरी दुपार. पारा बेचाळिशीच्या वर. पडदे ओढून घ्या आणि शहाबादी फरशीवर भिंतीला पाठ टेकून बसा. पलंगाकडे तोंड नको, जरा तिरपं बसा. रोखून बघणं म्हणजे मांजरीच्या लेखी दम देणं. ती पलंगाखाली आहे हे तुम्हाला ठाऊक, तुम्ही इथे आहात हे तिला ठाऊक. तूर्त एवढी ओळख पुरे.

पूर्व भागातली यंत्रमागांची खटखट ऐकू येते? ती मागाच्या शेडमागेच जन्मली, त्या आवाजाला दचकत नाही. स्वयंपाकघरात झाकण पडलं की मात्र पार कोपऱ्यात. (जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचं दारूकाम सुरू होईल तेव्हा काय करायचं, ते तेव्हा बघू.) माणसाच्या हाताची सवय पिलाला साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात लागते. त्या दिवसांत तिला हात मिळाला नाही, मिळालं ते हाड्‌हाड्‌. म्हणून तिच्या भिण्याला खोड म्हणू नका. तेवढ्यावरच ती जगली.

आता श्वास बघा. आपला नको, तिचा. डोळा लागला असेल तर कुशीकडे नजर ठेवा: वर जाऊन खाली आली की एक. अर्धं मिनिट मोजा, दुप्पट करा. झोपेतल्या मांजराचा श्वास मिनिटाला ३० च्या आत असावा. सारखा वर जाऊ लागला तर डॉक्टरांना फोन करायचा. मोजता मोजता तुमचाही श्वास संथ होईल. झाला तर होऊ द्या, त्यासाठी बसलेलो नाही.

तिनं डोळे उघडले, तर तुम्ही पापण्या सावकाश मिटा, सावकाश उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२० साली दाखवलं, की अनोळखी माणसानं असं केलं तरी मांजर त्याच्याजवळ यायला जास्त राजी होतं. ही नाही झाली राजी, तरी चालेल.

अवघड भाग पुढे आहे. भित्र्या जनावराला वेळ द्या, असं सगळे सांगतात. तिची थकलेली मूत्रपिंडं तो वेळ देत नाहीत. तिला सलाईन लागतं, तेही मानेमागच्या त्याच सैल कातडीखाली, जिथे धरून आईनं तिला इकडून तिकडे नेलं असेल. वैष्णव आचार्यांचा मार्जारकिशोर न्याय याच पकडीवर उभा आहे: पिलानं काही करायचं नाही, आई उचलते. थोडा वेळ त्यावरच थांबा. मला विचाराल तर तो न्याय आईच्या तोंडाला लागू आहे, आपल्या हातातल्या सुईला अजून नाही. तिनं स्वतःला सोपवलेलं नाही, तरी टोचायचं आहे. ही बोच गोड करून घेऊ नका.

म्हणून एक पथ्य. पलंगाखालची जागा तिची. तिथे हात नाही, सुई नाही. आपणहून बाहेर येईल तेव्हा टॉवेल टाका, तोही सुईपुरता वेगळा ठेवलेला. सोलापुरात टॉवेलांना काय तोटा! बाटली कोमट करण्याची या दिवसांत गरज नाही. उलट माळ्यावर राहिली असेल तर आधी मनगटावर थेंब टाकून बघा. डॉक्टरांनी सांगितलेलं माप गेलं की टॉवेल सोडा, मागे हात फिरवू नका. खांद्यावर पाण्याचा फुगा घेऊन ती पळेल. तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो आणि जिरतो. रात्री वाळूचा ट्रे किती भिजला ते वहीत लिहा, आणि पाण्याची वाटी पुन्हा भरा.