यक्षाची काडी

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम. 1608 साली तेथे जन्मलेल्या या पुरुषाच्या ऐन तारुण्यात, 1630 ते 1632 या काळात, दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. तथापि दासबोधाच्या सोळाव्या दशकात त्यांनी सूर्य, पृथ्वी, आप, अग्नी व वायू यांचे महात्म्य मोकळ्या मनाने गायिले आहे. जी महाभूते माणसाला अशी होरपळून काढतात, त्यांच्या ठायी ईश्वराची सत्ता ओळखावी कशी, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे.

2012-13 च्या अवर्षणात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा उभ्याच्या उभ्या वाळून गेल्या. परिचयातील एक वृद्ध बागायतदार स्वतः लावलेली झाडे तोडवून घेत होते. त्यांनी मला विचारले, "सर, हा देवाचा कोपच म्हणायचा ना?" मी म्हणालो, "त्याची इच्छा, काका, दुसरे काय!" आणि वाटेला लागलो. माझ्या घरी त्या दिवशी पाणी होते.

केनोपनिषदातील यक्षाची कथा मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. विजयाने फुगलेल्या देवांपुढे ब्रह्म यक्षरूपाने प्रकट होते. त्याने पुढे ठेवलेली गवताची एक काडी अग्नीला जाळता येत नाही, वायूला हलविता येत नाही. पण ती काडी कोणापुढे ठेवली गेली, याचा विचार मी त्या भेटीनंतरच केला. ती पराभूत असुरांपुढे ठेवलेली नव्हती; विजयी देवांपुढे होती. ईश्वराच्या सत्तेचा धडा हरलेल्याला दोषी ठरविण्यासाठी नसून जिंकलेल्याचा गर्व उतरविण्यासाठी आहे.

तेव्हा दुष्काळाने शिकावयाचे कोणी? ज्याची विहीर आटली त्याने नव्हे, ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने. आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी राहते ते भेगांत व झिजलेल्या थरांत. विहिरी दोघांच्या असल्या तरी त्यांचा झरा पुष्कळदा एकच असतो. मेघ व भूगर्भ यांचे नियम शास्त्राने उलगडले, म्हणून आपण त्या नियमांचे कर्ते ठरत नाही. आणि ते नियम कोणाच्या पापपुण्याची चौकशी करीत नाहीत, हेही तितकेच खरे. समर्थांनी महाभूतांचे स्तवन केले, त्याच ग्रंथात प्रयत्नाची थोरवीही सांगितली. ईश्वराची सत्ता मानणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असे त्यांना कधीच वाटले नाही.

ते वृद्ध गृहस्थ आता हयात नाहीत. कोप की इच्छा, या वादात मी पडावयासच नको होते. "काका, घरी पिण्यापुरते पाणी आहे ना?" एवढेच त्या दिवशी विचारावयास हवे होते.